नावाचं कडवं

माया उंबऱ्यात उभी राहिली आणि राजारामनं ताटावरचा हात काढून घेतला. भाकरी अर्धीच मोडलेली, वाटीतल्या कालवणाची वाफ अजून निवली नव्हती... पण तो उठला, खांद्यावरच्या टॉवेलला बोटं पुसली आणि तिच्या अंगाचा वाराही लागू नये अशा बेतानं भिंत धरून परसदारी निघून गेला.

"आवं, जेवून तरी उठा," लक्ष्मीबाई मागून म्हणाली. परसात बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज झाला, तेवढाच.

पाठीवरची गिटार खाली ठेवायचंही मायाला सुधरेना. लोक म्हणतात, बापाच्या अबोल्याची पुढं पुढं सवय होते. कसली होते? दर खेपेला तोच काटा, त्याच जागी. साताऱ्याला काल तिच्या गाण्यासाठी माणसं दारात उभी होती, आणि जन्मल्या घरात तिच्यासाठी बाप एक घास थांबत नव्हता.

"न सांगता आलीस व्हय बाळ?" आईनं विचारलं.

"साताऱ्याचा शो झाला, सांगलीचा उद्या हाय. मधला दिवस मोकळा हुता. म्हटलं, तुला बघून जावं."

हे अर्धंच खरं होतं. आईला बघायचं होतंच, पण जीव व्याकुळ झाला होता तो आबांच्या चेहऱ्यासाठी... आणि दिसली ती पाठ.

आता हा अबोला कशापायी, ते सांगायलाच हवं. 'राजाराम आणि पार्टी' म्हणजे कवठे महांकाळपासून म्हसवडपर्यंत एके काळी मोठं नाव. भीमजयंतीचा महिना आला की टेम्पोत पेटी, ढोलकी आणि कर्णे भरून ही माणसं गावोगाव गात फिरायची. राजाराम पुढं, मागं कोरसात लक्ष्मीबाई आणि शाळकरी माया. गाणी राजारामची स्वतःची, शेवटच्या कडव्यात त्याचं नाव गुंफलेलं, आणि त्या कडव्याची पार्टीत एक कडक रीत होती. ज्यानं गाणं रचलं त्यानंच नावाचं कडवं म्हणायचं. तो जिवंत असेतो दुसऱ्या कुणी त्या कडव्याला तोंड लावायचं नाही, कोरसानंसुद्धा तेवढ्यापुरतं गप्प राहायचं आणि कडवं संपलं की मगच पुढची ओळ उचलायची. तो गेला की मग त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणानंतरच्या विधीच्या दिवशी शिष्यानं ते नाव पहिल्यांदा घ्यायचं. राजारामनं आपल्या गुरूचं नाव असंच घेतलं होतं, भर सभेत रडत.

आणि मग ते म्हसवड आलं. मायानं नुकतीच बारावी दिलेली. मांडव भरलेला, शेवटचं गाणं ओंजळीचं, राजारामच्या काळजाचा तुकडा असलेलं. नावाच्या कडव्याला त्यानं हात वर केला, तोंड उघडलं... आवाजच आला नाही. नुसती हवा. त्यानं पुन्हा ताण दिला, मानेच्या शिरा तटतटल्या, मांडवात कुणीतरी शिट्टी मारली. लक्ष्मीबाईनं मायाच्या पाठीला हात लावला आणि कानात म्हणाली, "घे. घे बाई तू, त्यांस्नी ताण पडू दिऊ नगं." आणि मायानं ते कडवं घेतलं.

*माझी भरली ओंजळ, तुझी कर गं म्होरं,*
*राजाराम म्हणे, पाणी नेत ऱ्हा म्होरं.*

टाळ्यांनी मांडव दणाणला. राजाराम पेटीजवळ मटकन खाली बसला. घरी आल्यावर खरखरत्या आवाजात तो तिला एवढंच बोलला, "जित्या बापाला मारलंस. लय घाई झाली हुती तुला." पुढं मिरजेला त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गाणं गेलं, आणि त्याच्या मनानं पक्कं धरलं की पोरीनं नाव घेतलं म्हणून आपला गळा मेला.

खरं काय ते दोघी मायलेकींनाच ठाऊक होतं. म्हसवडच्या आधीच डॉक्टरांनी लक्ष्मीबाईला बाजूला घेऊन बजावलं होतं, गळ्यात गाठ आहे, गाणं आजपासून बंद, ऑपरेशनला उशीर करू नका. तिनं ते पोटात ठेवलं. जयंतीचा हंगाम तेवढा पार पडू दे, मग सांगू, न्हाईतर गाण्यावाचून ह्यो माणूस अन्नपाणी सोडंल... प्रेमापोटीच केलं बिचारीनं, पण तेवढ्या उशिरात आवाज हातचा गेला. ऑपरेशननंतर हे मायाला सांगताना ती लेकीच्या पायाशी बसून रडली होती, आणि त्या पोरीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की दोष आपल्याच माथी राहू दे. आबांना गाण्यानंतर एक बायकोच उरली होती. तिच्यावरनंही मन उडालं असतं, तर त्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघून दिवस काढायचे?

घर सुटलं. साताऱ्यात कॉलेज, मुलांच्या गाण्याच्या शिकवण्या... आणि तिथंच होस्टेलवर एका मैत्रिणीच्या मोबाईलवर तिनं पहिल्यांदा सोल नावाचं संगीत ऐकलं. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसांचं गाणं. शब्द निम्मे कळले नाहीत, पण गळा ओळखीचा निघाला, वाकवलेल्या माणसाचा, मान वर करून, हुंदका न लपवता गाणारा. 'हे तर आबांसारखं,' तिच्या मनात आलं आणि डोळे भरून वाहू लागले. त्याच धाटणीत ती आपली मराठी गाणी रचू लागली. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. आपणच फोन करायचे, तारखा जुळवायच्या, पोस्टर टाकायचं, आणि गिटार घेऊन एसटी पकडायची. पुणे, नाशिक, बेळगाव, हुबळी, इंदूर... कुठं कॅफेतल्या खुर्च्या सरकवून, कुठं कॉलेजच्या गच्चीवर, कुठं लहानशा हॉलात. एका गावातली माणसं दुसऱ्या गावातल्यांना सांगायची, असं करत करत नाव झालं, तिकिटं आधीच संपू लागली.

पण शो उरकला की काय? लॉजची खोली, पिशवीतलं जेवण, आणि सोबत म्हणून लावलेला टीव्ही. साथीला वाजवणारी पोरं गाडीतून उतरली की घरी फोन लावायची, "पोचलो गं आई." माया तेवढा वेळ गिटारच्या तारा पुसत बसायची. आईचा फोन यायचा तो आबा घराबाहेर पडल्यावर, दबक्या आवाजात, बोलता बोलता तुटणारा. गावोगावची माणसं तिच्यावर जीव टाकत होती आणि ती मात्र पोचली की नाही, हे विचारायला कुणी नव्हतं.

प्रत्येक शोच्या शेवटी ती ओंजळीचं गाणं म्हणायची. नावाचं कडवं आलं की थांबायची. डोळे मिटून नुसत्या तारा छेडायची, कडव्याएवढी जागा जाऊ द्यायची, मग पुढची ओळ. लोकांना ती तिची स्टाइल वाटायची. कुणी विचारलंच तर ती हसून विषय बदलायची. आबा जिवंत आहेत, जागा आबांची आहे... एवढीच तिची क्षमायाचना, आणि ती ज्याच्यासाठी होती त्याच्या कानावर कधी गेलीच नव्हती, कारण शेजारच्या मोबाईलवर मायाचा आवाज लागला तरी राजाराम उठून चालू लागायचा.

तर त्या दुपारी माया आबांच्या अर्ध्या ताटावर बसली आणि त्यांनी मोडलेली भाकरी खाऊ लागली. ते बघून लक्ष्मीबाईचा धीर सुटला.

"मी सांगते आज त्यांस्नी. न्हाई सोसवत आता मला."

"आई, गप. इतकी वर्सं गेली, आता नको."

"तुजं आयुष्य गेलं की गं त्यात."

"माझं कुठं जातंय? मला गाणं हाय, गावं हायती. त्यांना तूच हायस." तिनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "तुझ्याशी पण बोलायचे थांबले तर ह्या घरात कोण कुणाशी बोलंल?"

निघताना ती परसदारी क्षणभर थांबली. राजाराम लिंबाखाली पाठमोरा बसला होता. "येते आबा," ती म्हणाली. त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगलीच्या हॉलात माया तारा जुळवत होती, तेवढ्यात स्टेजमागच्या खोलीच्या दारात लक्ष्मीबाई उभी दिसली. धुवट साडी, डोळे सुजलेले. मायानं गिटार बाजूला ठेवली.

"सांगितलं मी," आई म्हणाली.

"आई... काय केलंस तू? काय म्हनले?"

"ऐकलं आन् भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं आता, ह्यो माणूस मला बी तुटला. मग म्हनले, डाक्टरनं माझ्या तोंडावर सांगितलं असतं तरी तो हंगाम मी सोडला नसता, लक्ष्मी. तू फकस्त भ्यालीस. हेका माझाच हुता." तिनं पदरानं नाक पुसलं. "सकाळी पांढरा शर्ट काढ म्हनले. सांगलीची गाडी कवा हाय, विचारलं."

"आलेत?"

"मागल्या रांगंत बसलेत. भेटा की तिला, म्हटलं. तर म्हनले, आदी गाऊ दे."

त्या संध्याकाळी माया काय गायली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दिव्यांच्या झोतात मागच्या रांगा दिसत नव्हत्या, काळोख तेवढा दिसत होता, आणि त्या काळोखात आबा होते. शेवटी ओंजळीचं गाणं आलं. नावाच्या कडव्यापाशी नेहमीसारखी ती थांबली, डोळे मिटले, तारा छेडू लागली. ह्या जागेसाठी ती गावोगाव फिरली होती, आणि आज ती जागा रिकामी जाताना ऐकायला तिचा मालक समोर होता. ऐकतील का... कळेल का त्यांना?

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणि मग एक आवाज आला. फाटका, खरखरीत, सुरात बसतोय न बसतोय असा, मध्येच श्वासानं तुटणारा. लोक माना वळवून बघू लागले.

*माझी भरली ओंजळ, तुझी कर गं म्होरं,*

तिथं तो थांबला. पुढच्या ओळीत त्याचं नाव होतं, जे म्हसवडच्या मांडवात त्याच्या तोंडून निघता निघता राहून गेलं होतं. राजारामनं गळ्यावर हात ठेवला, सगळं बळ एकवटलं आणि आपलंच कडवं बदललं.

*मायाचा बा म्हणे, पाणी नेत ऱ्हा म्होरं.*

मायाच्या बोटांखालच्या तारा थांबल्या. अश्रूंच्या धारा लागल्या होत्या, त्या पुसायला तिनं हात उचलला नाही. माइकवरचा हक्क सोडून ती मागं सरकली, लहानपणी पेटीच्या मागं जिथं तिची जागा असायची तेवढी मागं, आणि नावाचं कडवं संपल्यावर कोरसानं जी ओळ उचलायची असते, ती तिनं बापाच्या मागून उचलली.