चार टायरांची हवा

दरड कोसळली नसती तर ती थांबलीच नसती. देव कुणाची गाठ कशानं घालील, सांगता येत नाही. यांची घातली दगडमातीनं.

ती डोंगरमाथ्यावरच्या दवाखान्यातली नर्स, औषधांची जीप स्वतःच चालवणारी. त्या दिवशी जंगलातल्या उंच वळणावर चाक दरडीच्या भुसभुशीत खडीत नुसतं फिरत राहिलं. शेजारी दरी. तेवढ्यात धुक्यातून एक वनरक्षक आला, चाकाशी उकिडवा बसला आणि टायरची हवा सोडू लागला.

"अहो, हे काय करताय?"

"हवा कमी झाली की टायर पसरतो, दगडाला धरून चालतो. आता दरीकडे बघू नका. माझ्या हाताकडे बघा."

तो उलट्या पावलांनी पुढे निघाला. डावीकडे... हळू... येऊ द्या. तिनं हाताकडे पाहिलं — आणि जरा वरही.

"मॅडम, हात खाली आहे."

"दिसतोय मला," ती म्हणाली. कान मात्र तापले.

वर सपाटीवर त्यानं पायपंपानं चारही टायर भरले. तोवर तिच्या थर्मासमधला चहा दोघांत संपला. मग दर फेरीला तेच — हवा काढायची, हात दाखवायचा, पंप मारायचा, आणि गप्पा.

आजची फेरी मात्र वेगळी होती. आईनं खटपट करून तिची बदली खालच्या मोठ्या दवाखान्यात मिळवली होती. होकार आजच कळवायचा होता. हा काही बोलला तर... पण हा कुठला बोलतोय!

वळणावर तो होताच. बसला, टायरचं झाकण काढलं. ती खाली उतरली, आणि आज पहिल्यांदाच त्याच्या हाताऐवजी रस्ता पाहिला. दरड उचललेली, खडी रोलरनं दाबलेली. रस्ता कसा तळहातासारखा.

"आज हवा कशाला काढताय?"

त्यानं झाकण मुठीत लपवलं.

"रस्ता कधीपासून असा आहे?"

"झाले... दोन-तीन महिने."

"मग?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "चार टायर भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही थांबता."

तिला हसू आवरेना. "आई म्हणते, खाली बदली घे."

"घ्या की... इथला रस्ता वाईटच."

"आत्ता तर चांगला होता."

तो उठून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "राहा ना."

ती मागच्या चाकाशी जाऊन बसली, झाकण फिरवून काढलं, आतली पिन दाबली. फुस्स... हवा सुटू लागली.

"ही दोन मी काढते," ती म्हणाली. "भरायची मात्र तुम्हीच." आणि त्या कोसळलेल्या दरडीला तिनं मनोमन हात जोडले.