तारांमागची फळी

ते मोबाइल खाली ठेवा, मग सांगतो. रिसोडचा दिलावर माझा चांगल्या ओळखीचा. हार्मोनियम दुरुस्त करायचा. ही त्याच्यावर गुदरलेली गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

जऊळक्याला प्रसेनजित आणि रूपा राहतात. तो बँकेत, ती शाळेत गाणं शिकवते. त्यांनी हैदराबादेहून एक जुना उभा पियानो आणला होता. तारा गंजलेल्या, आणि तारांमागची मोठी लाकडी फळी तडकलेली. पियानोला खरा आवाज ती फळीच देते. काम आधी वाशीमच्या मदनसिंगकडे होतं. त्यानं फळी सांधली, अर्ध्या तारा नव्या चढवल्या, आणि ऐन पावसाळ्यात हार्ट अटॅकनं गेला. उरलेल्या कामासाठी रूपानं दिलावरला बोलावलं.

दोघं एकाच उस्तादाचे शागीर्द. मदनसिंगची सवय, लाकडाला कान टेकवून सूर ऐकायची. पण तीस वर्षं दिलावर एकच वाक्य ऐकत आला होता, 'काम छान आहे, पण मदनसिंगचा हात वेगळाच.'

दिलावरनं पियानोचं खालचं झाकण काढलं, तारांच्या मागे टॉर्च मारला. तडा कुठे होता ते कळेना. पातळ पट्टी फळीवरून फिरवून पाहिली, कुठे अडकेना. खाली पेन्सिलीनं नाव मात्र होतं, मदनसिंग.

"पाह्यलं का चाचा? सांधा दिसतच नाई," रूपा कौतुकानं म्हणाली.

दिलावरनं पट्टी खाली आपटली. मेला तरी हा पुढेच!

"काय्चं काम, ताई! सारं बिघडवून ठेवलं त्यानं. सगळ्या तारा नव्या टाका लागते."

मदनसिंगच्या चांगल्या तारा त्यानं काढून टाकल्या. पॉलिश पेपरनं ते नाव घासलं. तिथं स्वतःचं लिहिलं आणि फळीवर व्हार्निशचा जाड हात मारला. ते पक्कं वाळल्यावर आपल्या तारा चढवल्या.

२०२३ सालच्या जानेवारीची अठरा तारीख, बुधवार. रूपा आणि प्रसेनजित शेलूबाजारला लग्नाला गेले होते, सकाळी परतणार होते. घरात दिलावर एकटा, सूर लावत बसलेला. नवीन तार आवळावी, ती पुन्हा उतरावी. संध्याकाळपासून हेच. रात्री सव्वाबाराला त्यानं तारांच्या खुंट्या आवळायची चावी मांडीवर ठेवली आणि थर्मासातला चहा ओतला.

टन्...

एक तार वाजली. उतरलेली. मग तिचा सूर चढू लागला. हळूहळू. कुणी खुंटी आवळावी तसा.

चावी दिलावरच्या मांडीवरच होती.

सूर चढला... थांबला. बरोब्बर जागेवर. इतका वेळ दिलावरला जो सापडत नव्हता, तोच.

तो मला म्हणाला, "भाऊ, भेव मांगून आलं. पयले तं मी जळलोच."

दुसरी तार. तिसरी.

"मदन..." दिलावर पुटपुटला. "आता तरी मले करू दे नं... आता तं तू..."

टिक... टिक... भिंतीवरचं घड्याळ. बस.

मग चौथी.

दिलावर उठला. चपलाही घातल्या नाहीत. स्टेशनच्या बाकड्यावर कुडकुडत बसला... उजाडेपर्यंत.

सकाळी परत आला तेव्हा रूपा पियानोवर बसली होती. चेहरा उजळलेला.

"चाचा, काय सूर लावला तुमी! मदनसिंगकाकालेही असं जमलं नसतं!"

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हे वाक्य. दिलावर दारातच थांबला.

"मी नाई लावला, ताई." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तारा चांगल्या होत्या ते. नाव खोडलं ते. रात्रीचं सुद्धा. सांगताना रडला.

रूपाला रात्रीचं पटेना. "नाव कुठं होतं, ते तं दाखवा," ती म्हणाली.

त्यानं झाकण काढलं, टॉर्च धरला. तारा आणि फळी यांच्यामध्ये जागा किती? बोट कसंबसं जाईल इतकी. व्हार्निश काचेसारखं कडक.

रूपा वाकली. टॉर्च स्वतःच्या हातात घेतला.

"चाचा... हे काय आहे?"

व्हार्निशमध्ये खोल उमटला होता, पाळीसकट... माणसाच्या कानाचा ठसा.