मिस हॅलमची वंशावळ

पुणं सोडून परदेशात, जॉन्सनव्हिलला मुलाकडे राहायला येऊन २०१४ साली मला तीन वर्षं झाली होती. शेजारी मिस हॅलम राहायच्या. वय एक्क्याण्णव, एकट्या. इंग्लंडातल्या एका उमरावाचा धाकटा मुलगा इकडे येऊन मेंढ्या पाळू लागला, त्याच्या त्या पणती. घराण्याची वंशावळ त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कायम पसरलेली असे. त्यांच्या आजीने १९११ साली लिहिलेला तो मोठा जाड कागद घड्यांवर फाटत चालला होता.

त्यांचा हात थरथरायचा. माझं अक्षर बरं आहे आणि सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी अकरा वर्षं खपून केला होता, हे माझ्या सुनेने, सुरुचीने, त्यांना सांगितलं. मग मी रोज दुपारी नक्कल करायला जाऊ लागले.

पुण्यात मी गावोगावी जोडकार्डं पाठवून नावं जमवली होती. कोकणातून उत्तर आलं की कार्डाला माशांचा वास यायचा, असं मला उगाच वाटे. इथे नावं तयारच होती. पद्धत आमच्यासारखीच. थोरल्याची शाखा आधी, मुली शेवटी. जिवंत माणसाच्या जन्मतारखेपुढे आडवी रेघ ओढून जागा मोकळी ठेवायची. माणूस गेलं की साल भरायचं. एका पूर्वजापुढे ‘शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू’ असं लिहिलं होतं. घोडा तबेल्यात उभा होता, हा आपला नुसताच पडला, असं मिस हॅलम चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या.

एका गुरुवारी मी खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पोचले. तिथे एक नाव होतं. वरून कुठलीच शाखा त्याच्याकडे येत नव्हती. शाई बाकीच्यासारखीच, तपकिरी पडलेली.

लीला. १४ मार्च १९६८. पुढे रेघ.

माझी मुलगी १४ मार्च १९६८ला झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. माझ्या आईने जुन्या हिरव्या लुगड्याचं दुपटं शिवून आणलं होतं, लाल टाक्यांचं. त्यातच गुंडाळून तिला नेलं. बारसं झालं नाही. हेच नाव मी मनात ठरवलं होतं, यजमानांनाही सांगितलं नव्हतं. बारशाआधी गेलेलं मूल कुलवृत्तांतात घ्यायचं नाही, हा नियम पुढे मीच घातला आणि पाळला.

ही कोण, असं मी विचारलं.

“कुणालाच माहीत नाही. आजीने पहिल्यांदा लिहिलं तेव्हापासून आहे,” मिस हॅलम म्हणाल्या. “लहानपणी मी आईला म्हणायचे, हे साल तर अजून उजाडलेलंच नाही. ती म्हणायची, ज्याला ठाऊक असेल तो पुढचं लिहील.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला ठाऊक असेल तर भरा, मिसेस केतकर.”

ठाऊक होतं. पेनात शाई होती. खोटी नोंद मी आयुष्यात केली नव्हती.

मी नाव उतरवलं. तारीख उतरवली. रेघ ओढली.

पुढची जागा तशीच सोडली आणि पेनाला टोपण लावलं.

बशीतलं शेवटचं बिस्किट मिस हॅलमनी माझ्याकडे सरकवलं.

शनिवारी नेहमीसारखा वारा होता. मी आणि सुरुची मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होतो.

“आई, मिस हॅलमकडे कुणाचं बाळ आलंय का?”

कुंपणापलीकडे त्यांचे दोन टॉवेल आणि एप्रन कडक वाळून फडफडत होते. त्यांच्यामध्ये एक दुपटं होतं. हिरवं, लाल टाक्यांचं. नुकतंच धुतलेलं, खालून पाणी ठिबकत होतं.

“असेल,” मी म्हणाले.

एका कोपऱ्यावरचा दुधाचा डाग अजून निघाला नव्हता.