काचेमागची ताई

काचेपलीकडच्या मोठ्या टेबलावरच्या माणसाने हसून ग्लास उचलला, आणि डंपलिंगच्या पारीला चुण्या घालणारी तिची बोटं जागच्या जागी थिजली... छोट्या! तिचा धाकटा भाऊ! सहा वर्षांनी दिसत होता, तोही असा, बायको आणि सासू-सासऱ्यांच्या कौतुकात, बढतीची पार्टी झोडताना!

ह्या हॉटेलचं स्वयंपाकघर गिऱ्हाइकांना दिसेल असं काचेचं होतं. एकीकडे रंगीत बाटल्यांनी भरलेला बार, कागदी दिवे. दुसरीकडे डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून दिवसभर डंपलिंग वळणारी ती. तिला कोण ओळखणार? आई-वडील गेले तेव्हा ती एकोणीसची होती, हा आठ वर्षांचा. त्याच्यासाठी तिने शिक्षण सोडलं, चालून आलेली दोन स्थळं परत पाठवली, लोकांची उष्टी भांडी घासली. आणि ह्या पठ्ठ्याने लग्नाला बोलावलं तर नाहीच, वर सासरी खुशाल सांगून टाकलं की मला कुणीच नाही, मी एकट्यानेच वाढलो! भांडी घासणारी बहीण मोठ्या घरात दाखवायची कशी! तेव्हापासून तिच्या काळजात एकच आग धुमसत होती, ह्याला एकदा तरी भोगायला लागू दे.

आज तो आयता समोर येऊन बसला होता.

त्यांच्या टेबलाची चिठ्ठी आत आली. डंपलिंग, सहा टोपल्या. कुणाला एखादा जिन्नस सोसत नसेल तर वेटर तो चिठ्ठीवर लाल शाईने लिहून आणायचे. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. लाल अक्षर एकही नव्हतं... आणि सारणात बारीक वाटलेले शेंगदाणे होते.

शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी छोट्याचा घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. शाळेत एकदा तसं झालं, पोरं 'फुगा फुगा' म्हणून हसली, तेव्हापासून मेला तोंड उघडून कुणाला सांगेल तर शपथ. नुसतं नजरेने पारखायचं आणि ताट सरकवायचं. पण वाटलेला शेंगदाणा दिसणार कसा?

तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. घडू दे चांगली अद्दल! टोपल्या वाफेवर चढल्या, उतरल्या, बाहेर गेल्या. सासऱ्यांनी पहिलं डंपलिंग जावयाच्या बशीत ठेवलं. त्याने ते उचललं...

पुढचं तिचं तिलाही कळलं नाही. दार लोटून ती धावली आणि त्याच्या हातावर फटका मारून मोकळी झाली. डंपलिंग सासूबाईंच्या मांडीवर जाऊन पडलं. सासरे खवळले, मॅनेजर धावत आला. तिने मास्क खाली ओढला.

"शेंगदाणे आहेत त्यात," त्याच्याकडे न बघता ती सासऱ्यांना म्हणाली. "तुमच्या जावयाला सोसत नाहीत. तो सांगायचा नाही. त्याला बऱ्याच गोष्टी सांगायची लाज वाटते."

शेवटचं वाक्य तिने मुद्दाम, अगदी चवीने उच्चारलं. छोट्या पांढराफटक पडला. तुम्हाला हे कसं ठाऊक, असं त्याच्या बायकोने विचारलं. बहीण छोट्याकडे वळली. आता बोलायची पाळी त्याची होती, आणि ती काही त्याची सुटका करणार नव्हती.

"ही माझी ताई," तो कसाबसा म्हणाला. "मी खोटं बोललो तुमच्याशी. हिनेच मला वाढवलं... लोकांची भांडी घासून."

आणि सगळ्यांदेखत त्याने तिचे पिठाने माखलेले हात डोळ्यांना लावले. सासूबाईंनी डोळे टिपत तिच्यासाठी खुर्ची ओढली.

पण सहा वर्षांचा संताप असा चार आसवांनी विझतो होय? तिने हात सोडवून घेतले.

"आत कामं पडलीत माझी. चारला सुटते. थांबायचं तर थांब."

अजून तीनही वाजले नव्हते. सासू-सासरे गेले, बायको गाडीत जाऊन बसली. तो मात्र काचेला लागून उभाच, वेटरने खुर्ची दिली तरी बसेना. चार वाजले. बाकीचे एप्रन काढून निघाले. तिने लख्ख पुसलेला ओटा पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतला, सावकाश, एकेक कोपरा. उभा राहू दे! अजून थोडा उभा राहू दे... पण तो निघून तर गेला नाही ना, हे ती दर मिनिटाला चोरून बघत होती.