फाटकावरची पाळी

दुपारचा चहा उरकून मोराग मॅकॉरन पाहुण्याला भेटायला निघाली. कॅनडाहून आलेले हेक्टर मॅकॉरन, अगदी पिकलं पान, पूर्वजांचा माग काढत स्कॉटलंडच्या त्या खोऱ्यात उतरले होते. अशी माणसं येतच. मोराग चर्चची जुनी दप्तरं चाळायची आणि त्यांना त्यांचे पणजोबा शोधून द्यायची.

"माझे दिवस भरलेत, पोरी," हेक्टर म्हणाले. "मी इथला असेन तर इथेच माती द्या. नसेन तर परत जातो. तिकडे माझी जीन पुरलीय. तिच्या शेजारी माझी जागा राखून ठेवलीय."

खरं काय ते मोरागला दप्तरांतून कळलं होतं. हेक्टरचे पणजोबा कुठूनसे भटकत आलेले. दुष्काळात कुळाच्या सरदारानं पीठ वाटलं आणि ज्याला पीठ हवं त्यानं सरदाराचं आडनाव लावलं. आडनाव मॅकॉरन, रक्त भलत्याचंच!

पण तिच्या डोळ्यांपुढून कबरस्तानाचं फाटक हलेना. खोऱ्यात जुनी समजूत होती, की शेवटचा जो पुरला जातो त्यानं फाटकावर राखण करायची, पुढचा येईपर्यंत. आणि शेवटचा पुरला होता तो तिचा रुअरी. तापानं गेलेला, एवढंसं लेकरू. तरणी माणसं केव्हाच ग्लासगोला गेली होती, ती तिकडेच म्हातारी झाली, तिकडेच मेली. रुअरीनंतर कुणी आलंच नाही. थंडीवाऱ्यात पोर एकटं उभं. संध्याकाळी मोराग जवळून गेली की फाटकाची कडी हळूच वाजायची. शवपेटीत तिनं त्याच्या हातांत लाल लोकरीचे मोजे घातले होते, तेवढीच काय ती ऊब.

"मीच गेले असते गं पोराला सोडवायला," शेजारची एफी म्हातारी म्हणायची, "पण माझी मेली हाडंच चिवट! मरणालासुद्धा माझ्या तोंडाची धास्ती!"

मोरागनं मान वर केली. "तुम्ही इथलेच, आजोबा. डंकन मॅकॉरनचे पणतू."

असा कुणी डंकन कधी नव्हताच. हेक्टर मात्र ढसाढसा रडले. मग शाळकरी पोरासारखे पाठ करत बसले, "मी हेक्टर, अँगसचा. अँगस युअनचा. युअन डंकनचा."

थंडी पडली आणि म्हातारा गेला. माती लोटताना एफीनं तिला कोपरानं ढोसलं. "कोण गं हा डंकन? मला कसा ठाऊक नाही?"

"होता एक," मोराग म्हणाली.

सगळे पांगले. अंधारून आलं, तरी मोराग भिंतीशी उभीच. ओल्या मातीचा वास सुटला होता. आता सुटेल माझं बाळ, ती मनाशी म्हणत होती. कडी वाजली. आणि तिचा जीव ज्या आवाजासाठी तळमळत होता, तोच आवाज आला...

"कुणाचे तुम्ही?"

"मी हेक्टर... अँगसचा. अँगस युअनचा. युअन... डंकनचा."

आत, जमिनीखाली, पुष्कळ जणांनी एकदम श्वास रोखावा तसं झालं.

"डंकन इथे कुणी नाही," रुअरी म्हणाला. त्याचा आवाज फार दमलेला होता. "आजोबा, मग मी तुम्हाला आत कसा घेऊ?"

"घे रे त्यांना, राजा!" मोराग किंचाळली. "खोटं मी बोलले! त्यांचा काय दोष?"

कडी खाडकन पडली. मोराग धावत सुटली, घरात शिरली, दाराला अडसर घातला. मागोमाग दारावर थाप पडली. हलकी, अदबीची.

"मोराग... हे म्हणतात, मी यांचा नाही. मग मी कुणाचा गं?"

तिनं तोंडात पदर कोंबावा तसा शालीचा बोळा कोंबला.

"बरं, एवढं तरी सांग... जीन कुठल्या दिशेला आहे?"

तिला दार उघडवेना. किती वेळ तो म्हातारा विचारत राहिला, कुणास ठाऊक.

उजाडल्यावर ती फाटकाशी गेली. कडीला एक छोटासा लाल हातमोजा अडकला होता, तिनंच विणलेला, तिनंच पेटीत घातलेला. तळव्याशी तो पार झिजून भोक पडलं होतं.

मोरागनं तो गालाशी धरला, खूप रडली. मग घरी आली आणि लाल लोकर शोधू लागली.