पाली खाली का उतरेनात?

"अजून वरच बसल्यात," बटाट्या काचेला नाक लावून म्हणाला.

प्राणिसंग्रहालयातल्या ठिपकेवाल्या पाली आठवडाभर काचपेटीच्या वरच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून होत्या. समोर सोडलेल्या किड्यांकडे बघतही नव्हत्या. सुट्टीसाठी मावशीकडे आलेल्या ताई, बटाट्या आणि चिमीला चैन पडेना. मावशी इथली प्राण्यांची डॉक्टर, पण तिलाही आजार सापडत नव्हता.

"साथ पसरायच्या आत दुसरीकडे हलवा त्यांना. आज संध्याकाळीच," व्यवस्थापक दारातूनच म्हणाले आणि गेले.

"इतक्या अशक्त पाली प्रवासात टिकायच्या नाहीत," मावशी पुटपुटली.

"कुठल्यातरी आवाजाला घाबरल्या असतील का त्या?" ताईने विचारलं.

"आपल्याला कुठे काही ऐकू येतंय?" म्हणता म्हणता मावशी थबकली. "पण पालीच्या कानात, अगदी आत, एक इवलीशी पिशवी असते. ती तोल सांभाळते आणि पायाखालची बारीक थरथरही टिपते. आपली पिशवी नुसता तोल सांभाळते."

बटाट्याने पाण्याची वाटी आणून पेटीशेजारी ठेवली. पाण्यावर बारीक वलयं उठत होती.

चिमी पेटीमागच्या भिंतीला हात लावत बाहेर पळाली, दोघं तिच्यामागे. मागच्या बोळात व्यवस्थापकांच्या नव्या एसीचं धूड त्याच भिंतीला ठोकलं होतं. बोल्ट ढिले होते, त्यामुळे ते थरथरत होतं.

मुलांचं ऐकून व्यवस्थापक हसले. "एसीमुळे पाली उपाशी? जा, खेळा."

"काका, पैज लावता?" ताई म्हणाली. "तुम्ही पेटीसमोर उभे राहा. चिमी गुपचूप एसी बंद करील, मग पुन्हा चालू. कधी केला, ते पालीच सांगतील. हरलो तर आम्ही गप्प."

व्यवस्थापक कुतूहलाने आले. बराच वेळ काहीच घडलं नाही. बटाट्या नखं खात होता. मग वाटीतलं पाणी स्थिर झालं. थोड्या वेळाने एका पालीने मान वळवली, पाय सोडवला आणि ती हळूच खाली उतरली. तिच्यामागून दुसरी. तेवढ्यात पाण्यावर पुन्हा वलयं उठली आणि दोघी सरसर वर पळाल्या.

व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. "मिस्त्रीला बोलवा. ते धूड भिंतीवरून उतरवा."

संध्याकाळी पहिल्या पालीने किडा मटकावला. मावशीने तिन्ही पोरांना जवळ ओढलं.

"शाबास," घामाघूम व्यवस्थापक फाइलने वारा घेत म्हणाले. "डॉक्टर, ती पिशवी माझ्या कानात नाही ना?"

"आहे की, साहेब," मावशी म्हणाली. "पण थरथर कळायला ही पोरंच लागली."