हलत्या डोंगरावरचा खांब

डोंगर सरकतोय की नाही, हे मोजायला आम्ही तिघं निघालो होतो: मी, मोजणी खात्यातले माझे साहेब आणि एक हमाल. पायथ्याशी बोगदा खोदणाऱ्यांची छावणी होती आणि तिच्यात माझा धाकटा भाऊ राहत होता. आता माझे गुडघे कुरकुरतात, नावं आठवत नाहीत. पण त्या सकाळचा संताप अजून निवलेला नाही.

कारण मोजणी आधीच झाली होती. साहेबांनी केलेली! उपग्रहांवरून जागा सांगणारी दोन यंत्रं लागतात: एक पक्क्या जमिनीवर, दुसरं जिथलं मोजायचं तिथे. साहेबांनी पायपीट वाचवायला दोन्ही त्याच डोंगरावर ठेवली आणि जाहीर केलं, हालचाल शून्य.

"साहेब, एका बोटीत बसलेल्या दोघांमधलं अंतर बदललं नाही, म्हणजे बोट थांबलीय का?" मी विचारलं.

"बाई, तुम्हाला भावाची काळजी आहे. म्हणून डोंगर चालताना दिसतोय."

"मग चला वर. तुम्हीसुद्धा."

एक यंत्र नदीपलीकडच्या अखंड कातळावर चालू ठेवलं. दुसरं सुटं केलं. नव्या धर्तीचं होतं ते. अँटेना, रिसीव्हर, रेडिओ सगळं वेगळं, लागेल तसं जोडायचं. अँटेना साहेबांकडे, रिसीव्हर माझ्याकडे, रेडिओ आणि बॅटऱ्या हमालाकडे. तो काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

ओढ्यात पैलवानाचा पाय सुटला. मी त्याची कॉलर धरली. तो वाचला, रिसीव्हरची बॅटरी वाहून गेली.

"झालं. फिरा मागे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजातला सुटकेचा सूर ऐकून माझं डोकं आणखीच फिरलं.

"रेडिओची बॅटरी याला बसते."

"आणि पलीकडच्या यंत्राशी बोलायला रेडिओच नाही, तर उत्तर कसं मिळणार?"

"लगेच नाही मिळणार. रिसीव्हर सगळं साठवेल, खाली जाऊन दोन्ही यंत्रांचं जुळवू. वर जास्त वेळ बसावं लागेल, एवढंच."

"त्या धोंड्यांखाली?"

"माझा भाऊ रोज त्यांच्याखाली जेवतो."

पुढे उभा चढ, पायाखालून निसटणारा मुरूम आणि मधूनच कानाजवळून सणसणत जाणारे दगड. माथ्याच्या थोडं खाली असलेल्या मोजणीच्या खांबावर अँटेना बसवली, वायर जोडली आणि आम्ही कपारीत अंग चोरून बसलो.

"बाई, साहेबांना कडेला बसवा," पैलवान म्हणाला. "दगड अडेल तरी."

बराच वेळ गेला. मग जमिनीतून घरघर आली. खांबाच्या बुडाशी भेग फाकली.

"पळा!"

मी वायर उपटली. रिसीव्हर छातीशी धरला. साहेब मात्र खांबाकडे धावले!

"अँटेना! माझ्या सहीनं आलीय ती!"

"मग सहीसकट गाडून घ्या स्वतःला!" मी ओरडले, पण पैलवानानं आणि मी त्यांना पट्ट्याला धरून ओढलं. खांबाखालची कड अँटेनेसकट आमच्या मागे ढासळत होती. घसरलो, सोलवटलो, पण उतरलो.

नोंदी जुळवल्या. उभारताना नोंदलेल्या जागेपासून खांब हातभर सरकला होता. त्याच संध्याकाळी छावणी हलवली; भाऊ खाट डोक्यावर घेऊन कुरकुरत निघाला. आठवडाभरात अर्धा डोंगर खाली आला. रिकाम्या जागेवर.

आणि महिन्याभरानं मुख्य कचेरीत मला उभं करून विचारलं गेलं, महागडी अँटेना कुठे गेली? तक्रार साहेबांचीच होती.

"छावणी होती तिथे खणा," मी म्हणाले. "साहेबांना दाखवायला पाठवा. आता तिथे कोणी झोपत नाही."